बिनविरोध नको म्हणणारे वसंतकाका

मालतीकाकू आणि मंडळी, या बर्फात ड्राइव्ह करून सगळे आलात. आपल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष म्हणून आधी मी बोलायचं ठरलंय. पण काय बोलू? काकू, तुमचे यजमान, आमचे वसंतकाका गेले. दर इलेक्शनला ते माझ्याविरुद्धच उभे राहायचे.

इथे अमेरिकेत, नेपरव्हिलला येण्याआधी काका झांबियात गणित शिकवत. देश नुकताच स्वतंत्र झालेला. सत्तेतला पक्ष लोकांचा लाडका, विरोधक थोडेच. स्टाफरूममध्ये सगळे म्हणायचे, आधी देशाची घडी बसू दे, विरोध नंतर. काका सांगायचे, "मीही मान डोलावली रे. चांगली माणसं होती ती!" मग कायद्यानंच एक पक्ष उरला. निवडणुका व्हायच्या, पण अध्यक्षपदाला माणूस एकच. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा.

काकांचे शेजारी म्वाले सर त्याच शाळेत होते. छप्पर गळतंय, मंजूर झालेले पत्रे गेले कुठे, असं त्यांनी भर सभेत विचारलं. बस्स, एवढंच! उत्तर देणारे पक्षाचे, तक्रार ऐकणारेही पक्षाचेच. म्वाले सरांची नोकरी गेली. त्यांची बाजू घ्यायला कोणी उरलंच नव्हतं. काका म्हणायचे, "दुष्ट कोणी नव्हतं रे. अडवणारं कोणी नव्हतं."

आणि आपण? आपल्याला 'बिनविरोध'चं केवढं कौतुक! टाळ्या वाजवल्या, झालं इलेक्शन, चला जेवायला. तेवढ्यात काकांचा हात वर. पोरं कुजबुजायची, "नॉट अगेन, काका!" मीही वैतागायचो. एकदा विचारलंच, "काका, माझं चुकतंय तरी काय?"

"काही नाही. पण चुकशील तेव्हा लोकांना अडवायची सवय नको का?"

राग यायचा मला त्यांचा. आज त्यांच्यावाचून अगदी एकटं वाटतंय, हे खरं सांगतो.

पुढच्या रविवारी इलेक्शन आहे. अर्ज माझा एकट्याचाच आलाय. काल ते ऐकलं आणि पहिल्यांदाच भीती वाटली. कोणाला उभं राहा म्हणू, या दुःखाच्या दिवसांत म्हणू तरी कसं? आणि आत्ता, इथे बोलायला उठताना, मालतीकाकूंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "मी उभी राहतेय. माझं नाव घाल."

घातलं, काकू. आणि तुम्हाला सोडणार नाही हं, अगदी मन लावून लढणार आहे. वसंतकाकांना माझा नमस्कार म्हणजे ती लढत. चला, त्यांच्यासाठी सगळे जरा शांत उभे राहू या.