मावशींच्या फोटोला हार

हसू नका, पण त्या दिवशी कुणाला काय सांगावं, हेच मला कळंना.

शहरातल्या साध्या माणसांचे फोटो काढून आणि त्यांचे आवाज रेकॉर्ड करून मी औरंगाबादेत प्रदर्शन लावलं होतं. हॉलमध्ये अगदी समोर, शहागंजच्या बाजारात मेथी विकणाऱ्या कौसाबाई मावशींचा मोठा फोटो होता. मावशी स्वतः हर्सूलहून नवं लुगडं नेसून आल्या होत्या आणि पहिल्याच रांगेत बसल्या होत्या.

उद्घाटनाची समई कुणीतरी नेमकी त्या फोटोपुढं ठेवली. प्रमुख पाहुण्यांनी समई लावली आणि सवयीनं स्वतःच्या गळ्यातला सत्काराचा हार काढून फोटोला घातला! शिवाय हात जोडून डोळे मिटले. त्यांचं बघून अख्खा हॉल श्रद्धांजलीला उभा राहिला.

आता बोलावं तर पाहुण्यांचा अपमान, गप्प बसावं तर मावशी जिवंत! काही सुचंना, म्हणून मी फोटोखालचं बटण दाबलं. मावशींचा आवाज घुमला, "मेथी ताजी हाय, लई चिवडू नका!"

मागं कुणीतरी हुंदका दिला.

मी मावशींकडं पाहिलं, तर त्याही हात जोडून उभ्या!

नंतर विचारलं, "मावशी, तुम्ही कशाला उभ्या राहिल्या?"

त्यांची नजर अजून त्या हारावरच होती. म्हणाल्या, "एवढी शिकलेली माणसं उभी राहिली, तवा मला वाटलं, मी गेलीच असंल. मलाच कुणी सांगितलं नाय."