एकशे अठ्ठ्याण्णव फुल्या

— नको, ती लाल खुर्ची नको, बाई. तिच्यावर माझी पर्स असते. ही पांढरी ओढ — हं, बस. आणि कोट राहू दे अंगात, ह्या चर्चच्या तळघरात फेब्रुवारीत कोट काढायचा नसतो, हीटर फक्त रविवारी लावतात, देवाला थंडी वाजते, आपल्याला नाही. मी ओलेटा, छातीवर लिहिलंच आहे. एकोणतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं, आणि सतरा वर्षं झाली, हे दिवस आले की दर शनिवारी इथं बसून लोकांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देते. तर तू शॉना. मुलगी राइली, सात वर्षांची, आणि तिच्यामागे मिळते ती टॅक्सची सूट तुला हवी. बरोबर? बघू. मी विचारेन ते सांगायचं आणि रागवायचं नाही, प्रश्न माझे नाहीत, सरकारचे आहेत.

वय सात — झालं, तिथं अडचण नाही. सतरा झालं की संपलं. अगं, एकतीस डिसेंबरला सतरावा वाढदिवस असला तरी त्या सबंध वर्षात ते पोर त्यांच्या लेखी पोर नसतं! आई केकवरच्या मेणबत्त्या लावतेय आणि तिकडे सूट गेली. आमची डेलेनी, माझी नात, ती गेल्या डिसेंबरात सतराची झाली. अकरा वर्षं माझ्या फॉर्मवर होती, यंदा त्या रकान्यात कोणी नाही. घरात आहे गं, आत्तासुद्धा फ्रीज उघडून उभी असेल — पण रकाना रिकामा दिसला ना, तेव्हा मला कसंतरीच झालं. कॉफी घेतेस का? नको घेऊ, सकाळची आहे.

सोशल सिक्युरिटीचं कार्ड, पोरीच्या सरकारी नंबराचं — आणलंस, शाबास. निम्मे लोक ते विसरून येतात. कुणाला कार्डच नसतं. एक जोडपं आलं होतं, तुझ्याएवढीच पोरं, दोघं हात धरून बसलेली. बाळ झालं आणि त्याच दिवशी गेलं. आता अशा वेळी काय विचारायचं असतं ठाऊक आहे? श्वास घेतला का? एकदा तरी? एकदा घेतला असेल तर ते वर्षभर तुमच्या घरी राहिलं असं धरतात, कार्ड नसलं तरी चालतं, जन्माचा दाखला लावायचा. नसेल घेतला तर काही नाही. मी विचारलं. विचारावंच लागतं. ती म्हणाली, मला वाटतं घेतला. नवरा मान खाली घालून बसला होता. दाखला नव्हताच त्यांच्याकडे... जाऊ दे. तुझी तर चांगली धडधाकट आहे.

आता मुख्य. गेल्या वर्षी राइली तुझ्या घरी किती रात्री झोपली? अर्ध्या वर्षाहून जास्त हव्यात. इथंच आईबाप अडकतात — कमाई जास्त म्हणून अडकणारे आपल्या ह्या डोंगरात मला सतरा वर्षांत दोन भेटले, बाकी सगळे रात्रींवर अडकतात. पोर कधी बापाकडे, कधी मावशीकडे, आणि माझ्यासमोर बसून बोटांवर मोजतात. मोज. — काय? गोदामात? रात्रपाळी? आठवड्याला चार... आणि पोर तेवढ्या रात्री तुझ्या आईकडे.

हं.

नाही, काही नाही. पेन कुठं ठेवलं मी... हे काय, हातातच आहे.

सकाळी घ्यायला जातेस ना तिला? किती वाजता? — माझी यायची पावणेसातला. मुलगी माझी, ट्रीना. डोंगरापलीकडे म्हाताऱ्यांच्या आश्रमात रात्रपाळी करायची. आदल्या संध्याकाळी डेलेनीला माझ्याकडे सोडायची, आणि सकाळी पावणेसातला अंगणातल्या खडीवर तिच्या गाडीचा आवाज. मग ती आत यायची, बूट न काढता, पोरीला पांघरुणासकट उचलायची, घरी नेऊन न्याहारी घालायची, शाळेत सोडायची आणि मग झोपायची. दुपारी पुन्हा उठून शाळेच्या दारात हजर. पोर कुणाची म्हणायची ही? तूच सांग! खुळ्यालासुद्धा कळेल.

आणि मी मोजत होते. फ्युनरल होमवाले, ते मयताचं सगळं बघणारे, नवीन वर्षाला कॅलेंडर देतात ना, सगळ्यांच्या स्वयंपाकघरात असतं, तुझ्या आईकडेही आहे — असेल, म्हणजे. त्याच्यावर मी डेलेनी झोपली की फुली मारायची. का म्हणशील? मी स्वतःला सांगायची, किती दूध लागतं ते कळावं म्हणून. दूध! ट्रीना नवऱ्याला सोडून आली ह्याचा राग होता मला. तिच्या हातात पैसा टिकत नाही असं म्हणायची मी गावभर. पण तेही खरं नाही गं. खरं म्हणजे मला ती पोर हवी होती. घरात कोणी नव्हतं, आणि रात्री शेजारच्या खोलीतून लेकराच्या खोकल्याचा आवाज आला की मला बरं वाटायचं. कागदावर आली की माझी झाली, असं वाटलं.

अकरा वर्षांपूर्वी असाच शनिवार होता. ती त्या लाल खुर्चीवर बसली. मी स्वतःच्याच पोरीचा फॉर्म भरायला घेतला, असं करू नये, पण घेतला. म्हणाली, आई, लवकर कर, सूट मिळून पैसे आले की आधी चार टायर घालते, गाडी घाटात सरकायला लागलीय. मी विचारलं, किती रात्री? ती हसली, म्हणाली, मोजल्यात कुणी. मी पिशवीतनं कॅलेंडर काढलं. एकशे अठ्ठ्याण्णव फुल्या. तिने पहिलं पान उघडलं, जानेवारीचं. पहिली फुली दोन तारखेला होती. किती वेळ बघत होती... मग एवढंच म्हणाली, आई, तू तेव्हापासून मोजतेयस?

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. आईला टॅक्समधलं कळतं, एवढाच तिचा माझ्यावर विश्वास उरलेला होता, तोच मी वापरला. म्हटलं, नियम आहे बाई, त्यात तू बसत नाहीस, मी बसते. तिने खुर्ची पुन्हा नीट टेबलाखाली सरकवली आणि गेली. माझ्या फॉर्मवर डेलेनी लागली, पैसे आले, मी तिच्यासाठी पलंग घेतला, पांढरा, वरती झालरीचा. तो घरी आला त्याच आठवड्यात घाटात बर्फ झाला. गाडी सरळ खाली. त्या दिवशी पावणेसात वाजले, सात वाजले, मी कॉफी गाळत होते आणि चिडले होते, हिला वेळेचं भान नाही म्हणून.

नियम तसा नव्हता. बघ, सांगितलं. आजवर पाद्र्यालाही सांगितलं नाही. पुस्तकात सरळ लिहिलंय — आजारपण, शाळा, नोकरी, असल्या कामासाठी तात्पुरतं कुणी बाहेर राहिलं तर ते घर सोडून गेलं असं धरायचं नाही. आई कामावर गेली म्हणून पोर आजीकडे झोपलं, तरी ते आईच्याच घरी राहिलं! आणि दोघींचाही हक्क लागतो असं कुणी म्हटलं, तरी आई आधी, आजी मागून. ते पान मला पाठ होतं, परीक्षा घेऊनच इथं बसवतात. तिच्या डोळ्यांत बघून ते पान मी उघडलं नाही. अजून रोज पावणेसातला खडी वाजते. उठून बघते. कुणी नसतं. डेलेनी म्हणते, आजी, कोल्हा असेल. मी म्हणते, हो गं, कोल्हाच.

आता नीट ऐक, आणि हे मी तुला सांगायला नको, ह्या टेबलावरचं त्या टेबलावर बोलायचं नसतं. तुझा फॉर्म कम्प्युटर परत फेकणार आहे. राइलीचं नाव आधीच लागलंय. तुझ्या आईच्या फॉर्मवर. ग्लेंडाच ना? गेल्या शनिवारी तू बसलीयस त्याच खुर्चीवर बसून गेली, मांडीवर फ्युनरल होमचं कॅलेंडर. फुल्या लाल पेनाने. मी पाहिल्या. एका नजरेत कळलं मला सगळं. एकच प्रश्न विचारायचा होता, पोरीची आई रात्रपाळीला असते का? नाही विचारला. फॉर्म भरला, पाठवला, तिला दारापर्यंत सोडायलाही गेले.

रडू नकोस. आणि घरी जाऊन तिच्यावर ओरडूही नकोस — वाईट नाही ती, मी वाईट नव्हते — नव्हते का? — असू दे. आपण तुझा फॉर्म कागदावर करू, पोस्टाने पाठवू. शाळेकडून पत्र आण, मुलगी कुठं राहते त्याचं, डॉक्टरकडूनही, गोदामाकडून पाळ्यांचा कागद. दोघींना पत्रं येतील, तुझ्या आईला पैसे परत करावे लागतील, ती माझ्या नावाने बोटं मोडेल. मोडू दे. आज संध्याकाळी मीच तिच्या दारात जाऊन सांगते, तू सांगू नकोस. इथं सही. ह्या टेबलावर नको, हे हलतं — थांब, माझी पर्स उचलते. त्या लाल खुर्चीवर बस आणि त्या टेबलावर कर. बस म्हणते ना. हं. पूर्ण नाव. तारीख.

झालं. आभार मानू नकोस, मला ऐकवणार नाही. पाकीट इकडे दे, पोस्टात मीच टाकते. जिन्याशी तीन माणसं खोळंबलीयत, ऊठ आता. — शॉना. बाहेर ती निळी गाडी उभी आहे ती तुझी ना? पुढचे टायर केव्हा घातलेस?

नको, सांगू नकोस. जा. पुढचं कोण आहे, या.