मुराळी न धाडता

चिटगुप्प्याच्या बसस्थानकात रामराव पुस्तक उघडून बसले होते. मागच्या बाकावर सुट्टी संपवून निघालेली दानेश्वरी आणि तिची आई बोलत होत्या. चोरून ऐकत असल्यानं वळून बघायचा रामरावांना धीर होईना.

"पंचमीला येशील न्हवं?"

"न्हाई, अव्वा. दुर्बीण वापरायला तवाच मिळायलीय."

"बघायलीस तरी काय?"

"लांबची दीर्घिका, अंड्यासारखी. समदे तारे म्हातारे. नवे जन्मतच न्हाईत."

"कामून?"

"वायू हाय, पण मधलं कृष्णविवर त्याला तापवून भाईर ढकलायलंय. निवल्याबिगर तारा व्हत न्हाई."

"गेलेला वायू माघारी येतो का?"

"निवला की थोडा येतो."

"आणायला मुराळी न धाडता?"

"व्हय, आपसूक."

"बरं हाय त्याचं."

"अव्वा..."

"बस लागली, जा. मी झोका बांधते. पंचमी सरली तरी सोडायची न्हाई."