गिटारमधली खरखर

अबे, माझ्या गिटारच्या खरखरीचं तुम्हाला सांगितलंच नाही! चहा ओता, सांगतो.

त्या दिवशी संध्याकाळी अर्जुनी मोरगावला आमच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. दुपारी घरी, वायर न जोडता इलेक्ट्रिक गिटार छेडली, तर आतून खर्रर्र! आमचा ड्रमवाला देवा म्हणते, "वायर लावल्यावर ऐकू येत नाही ना? मंग कायले डोकं खाऊन राहिला?"

"अबे, आत काही सुटलं असन तर? भर कार्यक्रमात बंद पडली तर लोक खुर्च्या फेकतीन!"

एवढं ऐकलं अन् देवा स्वतःच पेचकस घेऊन बसला. स्क्रू आवळले, तारा बदलल्या, खरखर जशीच्या तशी. शेवटी वरची प्लास्टिकची प्लेट उघडली अन् तो ओरडलाच, "सापडलं बे, सापडलं!"

हातावर काय? हळदीत माखलेले तांदूळ. अक्षता!

दोघंही आईकडे पाहत राहिलो. ती दारातच उभी होती.

"दसऱ्याले विळ्याची पूजा केली, ट्रॅक्टरची केली," आई म्हणाली. "तुहं पोट जिच्यावर चालते, तिचीच काऊन नाही करू?"

मी काही बोलायच्या आत तिनं देवाच्या हातावरचे दाणे उचलले. "पायाखाली येतीन," म्हणाली, कपाळाला लावले अन् पुन्हा गिटारमध्येच टाकले. "लाव आता झाकण."

संध्याकाळी स्टेजवर देवा कानात विचारते, "खरखर आहे का बे?"

"आहे," म्हटलं. "वाजव बिनधास्त!"