खालची पायरी गप्प आहे

भाची: ...आता चौथी ओळ वाच, मामा. फोटो मोठा करून दिलाय.

मामा: "सदर ओढा सलग एकोणीस दिवस कोरडा असल्याचे संकेतस्थळावरील नोंदींवरून दिसून येते." कोणाचं गं हे संकेतस्थळ? त्याला पुलावर उभं करून ओढ्याची माफी मागायला लावली पाहिजे.

भाची: माझं.

मामा: असं होय. मग बसून मागितली तरी चालेल.

भाची: चेष्टा नको. पुलाच्या खांबावर ही नोटीस लावलीय. ओढ्यावर स्लॅब टाकायचा आणि वर गाड्या लावायच्या. चार वाजता अभियंता बाई पाहणीला येतायत. त्यांनी सही केली की संपलं. आत्ता पावणेदोन वाजलेत.

मामा: कोरडा म्हणे. ती खिडकी ढकल जरा. मग खाली हे कोण बोलतंय, माझा सासरा?

भाची: आत्ता पाणी आहे हे त्यांनाही दिसेल. त्या म्हणतील, आज आहे, एरवी नसतं. वर्षभराची नोंद फक्त माझ्या पानावर आहे. तू रोज सकाळी पुलाखालच्या पाणी मोजायच्या पट्टीवरचा आकडा पाठवायचास आणि पान तो दाखवायचं. तीनशे दिवस सुरळीत चाललं. मग एकदम एकोणीस शून्यं. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हाची.

मामा: मी शून्य पाठवलेलं नाही. चाळीस वर्षं पंपघरात काढली, शून्य एकदाच लिहिलं. त्या दिवशी एक वाम, ती सापासारखी लांब मासळी, पाइपातून चढून पंपाच्या पंख्यावर वेटोळं घालून बसली होती. मी म्हटलं, बाई, गावाला पाणी हवंय. तर ती म्हणते कशी—

भाची: गेल्या वर्षी ते कासव होतं.

मामा: वय झालं की बदलतं माणूस.

भाची: मामा, आठव ना. डोळ्याला पट्टी होती. तेव्हा रोज काय पाठवायचास?

मामा: एक डोळा पट्टीखाली, दुसरा आधीपासून धुक्यात. आकडा दिसणार कसा? पण खाडा कसा करायचा? कठडा धरत पुलावर जायचो, ऐकत उभा राहायचो आणि जे ऐकू येईल ते फोनला सांगायचो. तो गुणी, मुकाट्यानं लिहून घ्यायचा.

भाची: म्हणजे आकड्याच्या जागी वाक्यं?

मामा: चांगली होती गं. का, पोचली नाहीत?

भाची: पोचली असणार. मीच त्यांची शून्यं केली.

मामा: सावकाश सांग. मी पंपवाला आहे.

भाची: जुनं पान मी हातानं लिहिलं होतं. येईल ते जसंच्या तसं दाखवायचं. तुझ्या ऑपरेशनच्याच आठवड्यात ते मी नव्या फ्रेमवर्कवर नेलं. फ्रेमवर्क म्हणजे घराचा तयार सांगाडा, आपण फक्त भिंती भरायच्या. पान हलकं होतं, उघडायला वीज कमी लागते. मला तेच हवं होतं. ओढ्याचं पान आणि तेच विजेला भुकेलं, हे बरं नव्हतं दिसत.

मामा: विचार चांगला होता.

भाची: नवा सांगाडा कडक. आकड्याच्या खणात दुसरं काही आलं की पान बंद पडायचं. म्हणून स्क्रिप्टमध्ये एक ओळ टाकली, आकडा नसेल तर शून्य धर. नंतर नीट करू म्हटलं. नंतर कधी असतं का?

मामा: म्हणजे पाहुणा जेवायला आला नाही, तर तो वारला असं धरायचं.

भाची: हो. रिकामं वेगळं आणि शून्य वेगळं, हे मी कामावर नवीन आलेल्यांना शिकवते. वाटीभर वीज वाचवली आणि ओढा सांडला.

मामा: रडतेस काय. इथे पाण्याची आधीच ददात आहे असं सरकार म्हणतंय.

भाची: एक करता येईल. तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचा आकडा सोळा, पट्टी सुटल्यावरचा चौदा. मध्ये पंधरा, पंधरा, साडेचौदा असं भरून टाकते. सगळे करतात. कोणाला कळायचं नाही.

मामा: नको.

भाची: मामा, तू? तू पाइपातल्या वामेशी बोलतोस.

मामा: वामेशी बोलतो. तो ओढा एकदा रुसून डोंगर चढून गेला होता, हेही मी शंभर जणांना सांगितलंय, आणखी शंभरांना सांगेन. पण पट्टीवर बोट ठेवलं की ते वर सरकवलं नाही, कधीच नाही. माणसाला खोटं बोलायला एक खरी जागा लागते उभं राहायला, पोरी. माझी ती आहे.

भाची: मग काय दाखवू त्यांना?

मामा: मी पाठवलं होतं ते.

भाची: थांब. मूळ निरोप सर्व्हरवर पडून असतील. पान विसरतं, तो विसरत नाही... आहेत, एकोणीसच्या एकोणीस. वाचू?

मामा: वाच. माझे मलाच आठवत नाहीत.

भाची: "पहिला दिवस. खालची पायरी गप्प. मधली बोलतेय, पण झोपेत." "चौथा. खालची गप्प. एक बेडूक बराच वेळ बोलला, त्याचं कोणी मनावर घेतलं नाही." "नववा. खालची आज पुटपुटली. पाणी उतरतंय. मी भांडी धुतलेलं पाणी झाडांना घातलं, म्हटलं, आपल्याकडून तेवढंच." "तेरावा. पुन्हा गप्प. रात्री स्वप्नात ओढा अंथरुणाच्या पायथ्याशी येऊन बसला. विचारत होता, मी दिसतो का? म्हटलं, दिसत नाहीस, पण आहेस."

मामा: तो पायथ्याशी बसला तेव्हा गादी ओली झाली होती. हे लिहायचं राहिलं.

भाची: मामा, ही खालची पायरी म्हणजे कुठली?

मामा: अगं, पुलाखाली तीन दगडी पायऱ्यांवरून पाणी उतरतं ना? पडतं तिथे वाजतं. साचलेलं पाणी वर आलं की खालची पायरी बुडते आणि बुडलेली पायरी बोलत नाही. बारापर्यंत पाणी चढलं की खालची गप्प. वीसला मधली.

भाची: म्हणजे "खालची गप्प" म्हणजे बारा सेंटिमीटरच्या वर. आणि "मधली बोलतेय" म्हणजे विसाच्या आत.

मामा: मी तेच तर सांगत होतो एकोणीस दिवस.

भाची: हे मोजमाप आहे, मामा. ही वाक्यं नाहीत. म्हणजे, वाक्यंही आहेत.

मामा: पण वामेचं कासव करणाऱ्यावर विश्वास कोण ठेवणार?

भाची: दोन तास आहेत. शून्यं काढून टाकते, आकड्याचा खण रिकामा ठेवते आणि शेजारी तुझं वाक्य दाखवते. तू चप्पल शोध.

(चार वाजता, पुलावर.)

अभियंता: आपण संकेतस्थळ चालवता? सकाळपर्यंत शून्यं होती. आता तिथे बेडूक आहे.

भाची: शून्यं ही माझी चूक होती. आकडा आला नाही, तर माझी स्क्रिप्ट शून्य लिहीत होती. आता आलं होतं ते जसंच्या तसं आहे.

अभियंता: पाहणीच्या दिवशी नोंदी बदलल्या, असं मला लिहावं लागेल.

भाची: लिहा. कुठली ओळ कधी बदलली त्याची यादी पानाच्या खाली आहे. मूळ निरोप वेळेसकट आहेत.

अभियंता: आणि हे "झोपेत बोलतेय" कोणी मोजलं?

मामा: मी. पंपघरातला. निवृत्त.

अभियंता: नोटीस लावताना लोकांनी आपल्याबद्दल सांगितलं. ओढा डोंगर चढला होता म्हणे.

मामा: अर्ध्यापर्यंतच. लोक वाढवून सांगतात.

अभियंता: काका, मला कागदावर लिहायला काहीतरी पक्कं लागतं.

मामा: मग माझे डोळे बांधा. आता चांगले झालेत, त्यांचा भरवसा धरू नका. मी ऐकून सांगतो, तुम्ही खाली जाऊन पट्टी वाचा.

भाची: मामा, चुकलं तर?

मामा: तर चुकलं. दे तुझी ओढणी.

अभियंता: ठीक आहे. मी खाली उतरते. घाई करू नका.

भाची: ...मामा? बराच वेळ झाला.

मामा: शू. एक सायकल जाऊ दे. आता वरच्या खिडकीत कोणीतरी नळ सोडलाय. बंद कर म्हणावं. हं. लांबून येतंय, दगडाला वळसा घेऊन. वरची हसतेय. मधली ओल्या गळ्यानं. खालची... खालची गप्प आहे, पण नुकतीच झालीय, ओठ अजून हलतायत. तेरा.

अभियंता: साडेतेरा.

मामा: अर्धा तुमच्यासाठी ठेवला होता.

अभियंता: ओढणी सोडा त्यांची. माझे प्रस्तावाचे कागद द्या इकडे.

भाची: काय लिहिताय?

अभियंता: "एकोणीस दिवस कोरडा" ही ओळ खोडली. तिच्याशिवाय प्रस्ताव उभा राहत नाही. वर्षभर पुन्हा मोजणी होईल, आमचा माणूस आठवड्यातून एकदा येईल. पुढचं मी आज सांगू शकत नाही.

मामा: वर्ष पुष्कळ झालं. या वयात मी आठवडासुद्धा भरपूर धरतो.

अभियंता: आपण रोज येणार?

मामा: सकाळी सहाला. भाचीनं आकड्याशेजारी वाक्याचा खण ठेवला तर.

भाची: ठेवलाय. कितीही लांब लिही, पान बंद पडणार नाही.

अभियंता: मग एक करा. हा माझा नंबर. सकाळी पान उघडायला मला वेळ होत नाही.

मामा: आकडा पाठवू?

अभियंता: आकडा आमचा माणूस घेईल. ओढा कसा आहे, तेवढं कळवत जा.