जगदेव पादऱ्याचं उलटं

हासा, हासा मास्तर — पन तोंडातलं पानी गिळा आधी. खारं लागलं? लागनच. आमच्या घरी हेच राह्यते. तं काय म्हन्लं तुमी — जगदेव पादऱ्याच्या गमती? मिशनवाले त्यायच्यावर पुस्तक छापून राह्यले, आन त्यात गमती? दुसरं काही नाई भेटलं? सात भाषा येत होत्या त्या मानसाले. डोक्यात सात भाषा आन जीभ येकच — गर्दी होत जाय तिच्यावर. घाईत बोलले का इकडचं तिकडे. रिसोडचा पाटील घरी आला तं गड्याले म्हने, "पाटलाले बांधून ठेव, कुत्र्याले खुर्ची दे." हे सांगतलंच असन कोनी. गिरजात उभे राहून म्हने, "गवळ्यानं मळा दोहला, माळ्यानं गाय पेरली" — हेबी असन तुमच्या वहीत. गाव जमा होये आयकाले, किरिस्ताव कमी न् आमीच जास्त. आन बाजारात भाजी घेऊन बसली का मी त्यायच्यासारखी मान हालवून बोलून दाखवत जाओ, बाया पोट धरून हासत. अर्ध्या गमती माह्याच तोंडून गावभर गेल्या, मास्तर!

आन पटकीचं साल? ते लिवलं का? नाई ना! राग येते मले, म्हनून बोलते. गावाले दोन इहिरी — नाल्याकाठची गोडी, माळावरची खारी. मानसं गोडीचं पेत, खारीचं गुरायले. त्या साली नाल्यात रोग्यायचे कपडे धुतले जात, आन ते पानी गोडीत झिरपे — हे वळखलं कोनं? पादऱ्यानं. भर दुपारी धावत इहिरीवर आले, डोक्यावर टोपी नाई, आन वरडले — "गोडीचं पेऊ नका! खारीचं प्या!" मंग काय झालं? काय होनार — हासले सारे! पादरी उलटं बोलले म्हने! त्यायनं तीनदा सांगतलं. बोट दाखवून सांगतलं. डोये भरून आले त्यायचे. ते जेवढं वरडत, तेवढे आमी हासत. त्या दिवशी येक शब्द इकडचा तिकडे नोता झाला, मास्तर — येक बी नाई!

सगळ्यात जास्त कोन हासलं? ते कायले पायजे तुमाले? गाव हासलं. गावच नालायक. आमचे घरधनी तेवढे नाई हासले. पाय मोडून खाटेवर पडले होते. मले म्हने, "हौसे, मले खारीचं आनून दे, पादरी खरं बोलून राह्यले असन." मी म्हन्लं — कोनीबी हेच म्हन्लं असतं — मी म्हन्लं, "पादऱ्याचं उलटं राह्यते जी." आन गोडीचा तांब्या देल्ला हातात. वरतून मान हालवून पादऱ्याची नक्कल करून दाखवली. मंग तेबी हासले. हासत हासत पेले.

दुसऱ्या दिवशी पटकीनं नेलं त्यायले. पादरी दारात आले, उभे राह्यले, येक शब्द बोलले नाई. पुढं गिरजातबी कागदावरून वाचत, येक चूक नाई. मंग कोनी आयकाले जाये नाई.

काहून थांबला हात? लिवा ना! — नाई? मंग मिटा ते वही. उठा. — थांबा, ते पानी सांडू नका. माळावरून आनते मी ते.