ताई अजून फोनवर आहेत

समारंभाचे अध्यक्ष आणि शेंदरी धरणाचे मुख्य अभियंता आदरणीय गंगाधरराव पाळेकर साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या जलसंशोधन संस्थेतले सहकारी, डिलाईल रोडहून आलेली तांबे मंडळी आणि बटाटेवड्यांच्या वासाने हळूहळू मागच्या रांगेत सरकलेल्या श्रोत्यांनो, विनीत सावंतचा सर्वांना नमस्कार.

व्यासपीठावर एक खुर्ची रिकामी आहे, हे तुम्ही पाहिलंच असेल. ती सत्कारमूर्तींची. डॉक्टर चंपाताई तांबे बाहेर जिन्यात फोनवर आहेत, आणि त्या येईपर्यंत मी बोलत राहायचं, असा मला हुकूम आहे. माझी हरकत नाही. पण खरं सांगू? माझंही लक्ष दाराकडेच आहे.

आज दुपारी धरणाचे दरवाजे उघडलेत. ते दर पावसाळ्यात उघडतात, पण यंदा पहिल्यांदाच ताईंच्या गणिताप्रमाणे उघडलेत.

ताईंच्या नातेवाइकांसाठी थोडक्यात सांगतो. सांडव्यावरून कोसळणारं पाणी हवेचे बुडबुडे घेऊन खोल जातं. तिथल्या दाबाने ती हवा पाण्यात विरघळते. पुढे उथळ पात्रात दाब कमी झाला, की ती बाहेर यायला बघते, सोड्याची बाटली उघडल्यासारखी. पण ती माशांच्या रक्तातही सुटते.

मागे एकदा धरणाखालच्या कोंडगावात सुभद्राबाई तांडेल यांनी नदीतल्या पिंजऱ्यांत पाळलेले सगळे मासे मेले. डोळे बाहेर आलेले. गाव म्हणालं, विष घातलं. संशय कोणावर? त्यांच्या सख्ख्या दिरावर. दोन घरांतलं बोलणं बंद झालं. ताईंनी एक मासा हातात घेतला, कल्ले उचकटून पाहिले आणि म्हणाल्या, "बाई, विष नाही हो. पाण्यात हवा जास्त झालीय."

"हवेन कोण मरता काय?" सुभद्राबाई उखडल्या. "माका काय खुळी समजतास?"

तेव्हापासून ताईंना एकच ध्यास. कुठला दरवाजा किती उघडला तर खाली किती वायू विरघळेल, हे संगणकावर मांडायचं. जेवणाचा डबा उघडला तरी तोच विषय, आमची भाजी गार! शेवटी उत्तर निघालं: मधला एकच दरवाजा पूर्ण उघडू नका, सगळे थोडे थोडे उघडा, म्हणजे पाणी फार खोल जाणार नाही.

अध्यक्ष महोदय, यावर आपण दोन पावसाळे "बघू" म्हणालात. रागावू नका, आपल्याकडे माणसं कमी, हेही खरं. आज ताईंच्या निवृत्तीच्या दिवशी आपण होकार दिलात. भेट म्हणून दिलात, की एकदाचा विषय मिटवायला, ते आपणच जाणता.

पण ताईंच्या शब्दावर सुभद्राबाईंनी पिंजऱ्यांत पुन्हा मासे सोडलेत. गणित चुकलं तर? ताईंना नोकरीत पुढचा पावसाळा नाही. मला तर सकाळपासून चहासुद्धा गोड लागला नाही.

सीमा, दारातून हात काय हलवतेस? आल्या? या ताई, वर या! अहो, दारातच का थांबलात?

काय म्हणता? माइकवर सांगू?

बरं. मंडळी, धरणावरून मोजणी आलीय: उजव्या काठाला वायू कमी आहे. गणितात होता तेवढाच! टाळ्या नंतर, थांबा. डाव्या काठाला वाढतोय. तिकडचा एक दरवाजा ठरल्यापेक्षा जास्त उघडलाय. आणि सुभद्राबाईंचे पिंजरे डाव्याच काठाला आहेत.

तो दरवाजा आत्ता खाली घ्यायला हवा, असं ताई म्हणतायत. धरणावरचा दरवाजे चालवणारा म्हणतो, साहेबांच्या हुकुमाशिवाय हात लावणार नाही.

तेव्हा मी आवरतं घेतो. आपण सगळे आलात, आभारी आहे. आज भाषण कमी आणि चुळबूळ जास्त झाली, कोणाला काही लागलं असेल तर पोटात घाला. वडे खाऊन घ्या.

आणि पाळेकर साहेब, ताईंचा सत्कार आपल्याच हस्ते आहे. ती शाल माझ्याकडे द्या, मी धरतो. आपण फोन घ्या. रेंज जिन्यातच मिळते.